ओसरीवरचं हॉलंड

डच माणूस कसा असतो, हे विचारायला मी परतूरला गेलो. संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय ‘ओळख’ असा ठेवला होता आणि माझ्या वाट्याला प्रश्न आला तो असा : परदेशातून आलेल्या नवख्या माणसाला एखादा देश स्वतःची ओळख कशी करून देतो? डचांचं उदाहरण घ्या, असंही सुचवलं होतं. आम्स्टरडॅमचे कालवे, ट्यूलिपची शेतं, पवनचक्क्या यांवर मराठीत प्रवासवर्णनं ढिगानं आहेत. ती लिहिणारे आठ दिवसांचे पाहुणे असतात. मला हवा होता एकाच घरात दोन-तीन महिने राहिलेला, कचऱ्याची गाडी कुठल्या वारी येते ते ठाऊक असलेला माणूस. असा माणूस म्हणजे लेकीच्या बाळंतपणाला गेलेली आई. मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावांत अशा आया आता सहज भेटतात.

परतूर हे मनमाडहून सिकंदराबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचं गाव. १९८१ साली जालना जिल्हा वेगळा निघाला तेव्हा परभणीतून तिकडे आलेला हा तालुका. कापूस, सोयाबीन, तूर आणि हंगामात जिनिंगपुढे लागणारी गाड्यांची रांग. इथली पोरं संभाजीनगर, पुणे, हैदराबाद अशा पायऱ्या चढत संगणकाच्या नोकऱ्यांत गेली आणि त्यांतली काही युरोपात पोचली. एका निवृत्त गुरुजींची लेक आणि जावई आम्स्टेलवेनला असतात. आम्स्टरडॅमला खेटून असलेलं हे गाव भारतीय कुटुंबांनी गजबजलेलं आहे. गुरुजी आणि काकू तिथं बाळंतपणासाठी जाऊन आले. ओसरीवर सतरंजी अंथरली गेली, चहा आला, आणि काकूंनी सुरुवातच पलंगापासून केली.

“पोरीला दिवस गेले तवाच जावयानं सांगितलं, पलंग उंच करावा लागतोय. म्हनलं, काहून? बाळंतिणीला तर चढायला उतरायला बुटका बरा. तर म्हणे, कामाला येणाऱ्या बाईची कंबर दुखू नये म्हणून!”

ही गोष्ट शब्दशः खरी आहे. नेदरलँड्समध्ये बाळंतपणानंतर आठ-दहा दिवस एक प्रशिक्षित बाई घरी येते. या सेवेला तिथं ‘क्रामझोर्ख’ म्हणतात. साधारण ४९ तासांची सेवा धरतात. गरजेप्रमाणे ती किमान २४ आणि कमाल ८० तासांची होते. बहुतेक खर्च सक्तीच्या आरोग्य विम्यातून भागतो, तासाला थोडे पैसे घरच्यांनी भरायचे. नाव मात्र गरोदरपणातच लवकर नोंदवावं लागतं. त्या बाईला दिवसभर वाकून काम करायचं असतं, म्हणून बाळंतिणीचा पलंग ७०-८० सेंटिमीटर उंच हवा असा नियम आहे. पलंगाच्या पायांखाली द्यायचे ठोकळे भाड्यानं मिळतात. पलंग उंच केलेला नसेल तर बाई काम नाकारू शकते.

“आपल्याकडं न्हाऊ घालायला बाई येती,” काकू जरा थांबून म्हणाल्या. “माझ्या तीन बाळंतपणांना एकच बाई होती. तिच्या कमरेचं आमी कुणी कधी इचारलं नाही.”

बाळंतपण दवाखान्यात झालं, पण सकाळी गेलेली लेक संध्याकाळी बाळासकट घरी. काकूंना हे भलतंच वाटलं. तिथं मात्र ही नेहमीची रीत आहे. काही तासांत घरी पाठवतात, अनेकींचं बाळंतपण तर सुईणीच्या हातून घरीच होतं. दुसऱ्या दिवशी दारात उभी राहिली ती पन्नाशीची उंच बाई. तिनं आधी बाळाचा आणि आईचा ताप मोजला, चोपडीत लिहिला. किती वेळा पाजलं, किती लंगोट ओले झाले, सगळं चोपडीत. मग संडास-न्हाणीघर पुसून काढलं, कारण संसर्ग टाळणं हाही तिच्या कामाचाच भाग. मग खिडकी उघडली.

इथं पहिली ठिणगी पडली. बाळंतिणीच्या खोलीत वारं! काकूंनी खिडकी लावली, तिनं उघडली. काकूंना शेक-धुरी हवी होती, तिला खोलीत ताजी हवा हवी होती. बाळानं आईजवळ झोपावं असं काकूंचं म्हणणं. त्यानं स्वतःच्या पाळण्यात, पाठीवर, उशीविना झोपावं असं तिचं. धुरी गेली, पाळणा राहिला. डिंकाचे लाडू मात्र टिकले. दूध-तुपाचे पदार्थ बाहेरून आणायला युरोपात मनाई असल्यानं काकूंनी तिथल्याच बिनमिठाच्या लोण्याचं तूप कढवलं आणि लाडू वळले. त्या बाईनं एक खाल्ला, काय काय घातलंय ते विचारलं आणि तिच्या देशाची रीत दाखवली : बाळ झालं की आलेल्या-गेलेल्याला गोल टोस्टवर लोणी लावून त्यावर साखरेचं आवरण दिलेली बडीशेप पेरून देतात. मुलगा असेल तर निळी-पांढरी, मुलगी असेल तर गुलाबी-पांढरी. या बडीशेपेनं दूध वाढतं असा जुना समज.

“मंग माझ्या ध्यानात आलं, बाई आपल्यातलीच हाय,” काकू म्हणाल्या. बाळंतशोपेचा डबा त्यांनी परतूरहून नेलाच होता.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी काकूंनी बाळाला तेल लावायला घेतलं तेव्हा ती बाई शेजारी बसून बघत राहिली, हाताची चाल पुन्हा करून दाखवायला सांगितली, आणि चोपडीत तेही लिहिलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती.

सरकारनं काढलेली फिल्म

डच सरकारनं मात्र नवख्यांना देश समजावून सांगण्यासाठी रीतसर फिल्म काढली आहे. २००६ साली तिथं एक कायदा अमलात आला. लग्न करून किंवा कुटुंबाकडे कायमचं राहायला येणाऱ्या परदेशी माणसानं येण्याआधीच, स्वतःच्या देशातल्या डच वकिलातीत परीक्षा द्यायची. थोडं डच बोलणं, थोडं वाचणं, आणि डच समाजाची माहिती. या शेवटच्या भागासाठी ‘नार नेदरलांट’, म्हणजे ‘नेदरलँड्सकडे’, नावाची फिल्म बघायची. तिच्यावर आधारलेले चित्रांसह १०० प्रश्न आधीच हातात देतात, त्यांतले ३० परीक्षेत येतात. परीक्षेचं शुल्क १५० युरो.

पहिल्या फिल्ममध्ये इतिहास, शाळा, दवाखाने, नोकऱ्या यांच्याबरोबर समुद्रकिनाऱ्यावर उघड्या छातीनं हिंडणारी बाई आणि चुंबन घेणारे दोन पुरुष होते. ज्या देशांत असली चित्रं बाळगणं हाच गुन्हा, तिथल्यांसाठी ती दृश्यं कापलेली वेगळी प्रत निघाली. फिल्ममध्ये पडक्या वस्त्या, बेकारी आणि उदास हवाही भरपूर होती. पाहुण्याला या म्हणायचं आणि त्याच दमात घर गळतंय, थंडी फार आहे, परत जायचं असेल तर अजून वेळ आहे असंही सुचवायचं, असा तिचा एकंदर सूर. यजमानाची ही तऱ्हा आपल्याला अपरिचित नाही.

खरी गंमत पुढे आहे. ही परीक्षा अमेरिकन, जपानी, ऑस्ट्रेलियन माणसाला नाही. भारतीयाला आहे. यातल्या भेदभावावर ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेनं २००८ साली टीका केली होती. आणि भारतीयांतही सगळ्यांना नाही. २००४ पासून तिथं उच्चशिक्षित स्थलांतरितांसाठी वेगळी वाट आहे. ठरावीक पगाराच्या वर नोकरी देणारी मान्यताप्राप्त कंपनी असली की परवाना झटपट मिळतो, वर काही वर्षं करात भरघोस सूट. त्यांच्या नवरा-बायकोलाही वकिलातीतली परीक्षा माफ. परतूरहून जाणारी मंडळी जवळपास सगळी याच वाटेनं जातात.

म्हणजे ज्यांच्याविषयी सरकारला शंका, त्यांना देशाची ओळख सक्तीची. ज्यांच्या हुन्नराची गरज, त्यांना ओळख नसली तरी चालते. मला हा प्रकार फारसा शहाणपणाचा वाटत नाही. पाच-सात वर्षं आइंडहोव्हनला राहून दुकानदाराला ‘धन्यवाद’ पलीकडे डचमध्ये काही न म्हणता येणारे आपले अभियंते मी बघितलेत. कंपनीत इंग्रजी, घरी मराठी, शनिवारी मित्रांकडे बिर्याणी. कायमच्या परवान्याचा किंवा नागरिकत्वाचा अर्ज करायची वेळ आली की मग भाषेची परीक्षा समोर उभी राहते आणि धावपळ सुरू होते.

परतूर तालुक्यातल्याच एका खेड्यातली मुलगी दिवाळीनंतर फेल्डहोव्हनला निघाली आहे. नवरा तिथं आहे. चिप बनवणाऱ्या यंत्रांसाठी जगभर नावाजलेली एएसएमएल ही कंपनी त्याच गावातली. मुलीला परीक्षा माफ आहे, तरी ती मोबाइलवर रोज डच शिकते. डच ‘ग’ घशातून खरवडून काढावा लागतो आणि पुण्या-मुंबईचे शिकाऊ तिथंच अडखळतात. हिला तो पहिल्या आठवड्यात जमला. शेजारच्या उर्दू शाळेतल्या बाईंनी ‘ख़बर’ आणि ‘ख़त’ म्हणायला लावून घसा तयार करून दिला. निजामाच्या राज्यात राहिल्याचा असाही उपयोग. सायकलची तिला धास्ती नाही. आठवीत असताना सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलवर तिनं खेड्यातून शाळा केली आहे.

सायकलीविषयी तिला मी एक गोष्ट सांगितली, कारण डच मंडळी ती स्वतःहून सांगत नाहीत. सायकल त्यांच्या रक्तात आहे हे खरं नाही. १९५० आणि ६०च्या दशकांत तिथंही मोटारींनी रस्ते गिळले. १९७१ साली रस्त्यांवर ३,००० हून जास्त माणसं मेली, त्यांत ४०० हून जास्त मुलं. एका पत्रकाराची मुलगी गेली, त्यानं लिहिलेल्या लेखातून ‘बालहत्या थांबवा’ अशा नावाची चळवळ उभी राहिली, आई-बाप रस्त्यांवर बसले. त्यानंतरच्या तेलटंचाईनं हात दिला. आज दिसणारे लाल सायकलमार्ग या भांडणातून निघालेले आहेत.

डायरीतली जागा

गुरुजींना डचांचं काय आवडलं, असं विचारलं तर उत्तर आलं, “वेळ.” काय आवडलं नाही? “वेळच.”

शेजारच्या आजी-आजोबांशी त्यांची बागेत ओळख झाली. गुरुजींनी रीतीप्रमाणे ‘चहाला या कधीतरी’ म्हटलं. आजोबांनी खिशातून डायरी काढली. पुढच्या मंगळवारच्या पुढचा गुरुवार, साडेतीन ते पाच. गुरुवारी साडेतीनला घंटी वाजली. काकूंनी पोहे, शंकरपाळे, चकली, शिरा असा थाट मांडलेला. पाहुण्यांनी एकेक चकली घेतली आणि पाचला पाच मिनिटं कमी असताना उठले. परतफेडीच्या भेटीत कॉफीबरोबर एकेक बिस्किट मिळालं आणि डबा झाकून ठेवला गेला. काकूंना हे आजही पटलेलं नाही. जेवण संध्याकाळी सहाला, दुपारी पावाला चीज. सहा वाजता न सांगता कुणाच्या दारात उभं राहणं म्हणजे त्याच्या ताटातला बटाटा मागणं, असं जावयानं बजावून ठेवलं होतं.

पण याच डायरीची दुसरी बाजू गुरुजींनीच दाखवली. त्या आजींच्या डायरीत दर मंगळवार नातवंडांचा होता. आई-बाप दोघंही आठवड्याचे चार-चार दिवस काम करणारे, एक दिवस आजीचा, एक पाळणाघराचा, बुधवारी शाळा दुपारीच सुटते म्हणून त्याची वेगळी सोय. नेदरलँड्समध्ये अर्धवेळ काम करणाऱ्यांचं प्रमाण युरोपात सगळ्यांत जास्त आहे, बायकांत तर फारच. प्रेम डायरीत लिहून ठेवलं म्हणून ते कमी होत नाही, आणि मंगळवार कधी चुकत नाही. आपल्याकडे ‘कधीही या’ म्हणून ठेवलेलं असतं आणि वर्ष उलटतं.

वाढदिवसाची तारीख विसरू नये म्हणून त्यांचं कॅलेंडर संडासात टांगलेलं असतं, हे बघून गुरुजी चक्रावले. वाढदिवसाला खुर्च्या गोलात मांडतात. आत आलेला माणूस ज्याचा वाढदिवस त्यालाच नव्हे, तर त्याच्या बायकोला, आईला, सासऱ्याला, एकेकाला हात देऊन अभिनंदन करत पूर्ण फेरी मारतो. केकचा एक तुकडा. मग बसून गप्पा. “नातवाच्या बारशाला मलाही चार जणांनी हात दिला,” गुरुजी म्हणाले, “म्हटलं, मी काय केलं?”

मार्क रुटे पंतप्रधान असताना हेगमधल्या एका शाळेत आठवड्यातून एकदा समाजशास्त्राचा तास घेत, हे कळल्यावर मात्र गुरुजींनी त्या देशाला शंभरपैकी शंभर देऊन टाकले. आम्स्टरडॅमच्या राइक्स म्युझियमच्या संग्रहात शिवाजी महाराजांचं १७व्या शतकातलं चित्र आहे, तेही त्यांना बघायचं होतं. ते कागदावरचं नाजूक चित्र, एका अल्बममधलं, कायम मांडलेलं नसतं. शेवटी संग्रहालयाच्या संकेतस्थळावर जावयाच्या मोबाइलमध्ये दर्शन झालं. तसं ते परतुरातही झालं असतं.

एंकहाउझनचा माणूस

आपण त्यांच्याकडे जाण्याच्या कितीतरी आधी ते आपल्याकडे नवखे म्हणून आले होते. त्यांना आपली ओळख करून देणारा पहिला मोठा लेखक यान हाउखन फान लिन्सखोटन. हा वाढला एंकहाउझन नावाच्या बंदरात. १५८३ मध्ये वयाच्या विशीत तो गोव्याला आला, पोर्तुगीज आर्चबिशपच्या पदरी चिटणीस म्हणून सुमारे पाच वर्षं राहिला. आंब्या-फणसापासून ब्राह्मणांच्या चालीरीतींपर्यंत सगळं त्यानं टिपलं, आणि पोर्तुगिजांनी जपून ठेवलेले सागरी मार्गही. १५९६ मध्ये त्याचं पुस्तक छापून आलं आणि डच जहाजांना पूर्वेची वाट सापडायला मदत झाली. १६०२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनी निघाली. तिच्या सहा शाखांपैकी एक एंकहाउझनची. पुढे १६३०च्या दशकात विजापूरच्या आदिलशाहीत त्यांनी वेंगुर्ल्याला वखार घातली. गोव्याच्या पोर्तुगिजांवर तिथून नजर ठेवता येई, आणि तिथून बटाव्हियाला (आजच्या जकार्ताला) जाणाऱ्या पत्रांत शिवाजी महाराजांच्या हालचालीही नोंदल्या जात. वखारीच्या पडक्या भिंती अजून उभ्या आहेत. वड-पिंपळांनी त्यांत पाय रोवलेत.

हे सगळं परतूरपासून लांबचं वाटेल. पण एंकहाउझनचं पुढे काय झालं ते बघा. बंदर गाळानं मागे पडलं आणि आसपासच्या सुपीक जमिनीवर भाजीपाल्याच्या बियाण्याचा धंदा वाढला. तिथल्या स्लाउस आणि ग्रोट या घराण्यांची बियाणं कंपनी जगभर पोचली. त्याच ग्रोट घराण्यातल्या सायमन ग्रोट यांनी १९८०च्या दशकात फिलिपिन्समध्ये ‘ईस्ट-वेस्ट सीड’ काढली, छोट्या शेतकऱ्याला परवडेल असं उष्ण प्रदेशातलं भाजीपाला बियाणं द्यायचं म्हणून. तिचं भारतातलं मुख्य ठाणं छत्रपती संभाजीनगरला. २०१९ मध्ये ग्रोट यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. जालन्याच्या माणसाला हा पुरस्कार नवा नाही, कारण १९९८ मध्ये तो ‘महिको’च्या बद्रीनारायण बारवाले यांना मिळाला होता. भेंडीच्या बियाण्यापासून सुरुवात करून १९६४ मध्ये त्यांनी जालन्यात कंपनी काढली आणि या दुष्काळी पट्ट्याला बियाण्याचा नकाशा दिला. पुढे उत्तर हॉलंडमधल्या ‘बेयो’ या कंपनीनं भागीदार शोधला तोही जालन्यातच, ती ‘बेजो शीतल’.

जालन्याहून देऊळगाव राजाच्या बाजूला निघालं की शेडनेटची हिरवी-पांढरी घरं दिसू लागतात. आत टोमॅटो, मिरची, ढोबळी मिरचीचं संकरित बियाणं तयार होतं. दुपारनंतर बायका न उमललेल्या कळ्यांमधले पुंकेसर चिमट्यानं काढतात, दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या जातीचा पराग त्या फुलांना लावतात. याला सगळे ‘क्रॉसिंग’ म्हणतात. एका फुलाला चूक झाली तर त्या फळाचं बी वाया. हे काम यंत्रानं होत नाही, आणि युरोपातल्या मजुरीत परवडत नाही. हॉलंडच्या काचघरात पिकणाऱ्या भाजीमागे असा कुठला तरी हात असतो, हे त्या फिल्ममध्ये दाखवलेलं नाही.

तिथल्या एका शेतकऱ्याला मी विचारलं, पाहणीला येणारे डच साहेब कसे वाटतात? तो हसला. “आपला माणूस ‘बघू’ म्हणतो, आन् फोन उचलत नाही. त्यो तोंडावर ‘नाही’ म्हणतो. तुमचा प्लॉट नापास, ही ही कारणं. पहिल्यांदा लई राग आला. पण कारणं लिहून देतो, आन् पुढच्या साली परत येतो.” डचांच्या फटकळपणावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. त्याचं इतकं नेमकं वर्णन मी वाचलेलं नाही.

तळ्याच्या तळाशी

गुरुजींनी एक फाइल जपून ठेवली आहे. लेकीच्या घरी टपालानं येणाऱ्या बिलांच्या प्रती त्यांनी जावयाकडून अर्थ समजून घेऊन तारीखवार लावल्या आहेत. “फिरायला नेलं ते विसरलो,” ते म्हणाले, “हे विसरणार नाही.” त्यातलं एक बिल ‘वॉटरस्खाप’चं, म्हणजे पाणी मंडळाचं. नळाच्या पाण्याचं बिल वेगळं येतं. हे बांध राखायचं, पाण्याची पातळी धरून ठेवायचं आणि सांडपाणी शुद्ध करायचं. सांडपाण्याचा हिशेब साधा आहे : घरात एकटा माणूस असेल तर एक भाग, दोघं किंवा त्याहून जास्त असतील तर तीन. बाळ झालं म्हणून बिल वाढलं नाही, हे गुरुजींनी तपासून घेतलं होतं.

आकारानं नेदरलँड्स मराठवाड्यापेक्षा लहान. मराठवाडा ६४ हजार चौरस किलोमीटरच्या वर, तो देश पाण्यासकट साडेएक्केचाळीस हजार. माणसं जवळपास तेवढीच : २०११च्या जनगणनेत मराठवाडा १ कोटी ८७ लाख, नेदरलँड्सनं २०२४ मध्ये १ कोटी ८० लाखांचा आकडा ओलांडला. त्यांची सुमारे २६ टक्के जमीन समुद्रसपाटीच्या खाली आहे. हवामान बदलावरच्या २००७च्या जागतिक अहवालात हा आकडा चुकून ५५ टक्के छापला गेला होता. आकडा पुरवणाऱ्या डच संस्थेनंच पुढे खुलासा केला की खोलगट आणि नदीच्या पुराच्या भीतीतली अशी दोन्ही मिळून ती बेरीज होती.

परतूरहून निघालेला माणूस उतरतो तो स्खिपोल विमानतळ समुद्रसपाटीपेक्षा तीन-चार मीटर खाली, एका तळ्याच्या तळाशी आहे. हार्लेमरमेर हे १८ हजार हेक्टरचं तळं वादळात काठ खात सुटायचं. १८३६च्या वादळांनी त्याचं पाणी आम्स्टरडॅम आणि लायडनच्या वेशीपर्यंत आणलं तेव्हा राजानं ते उपसायचं ठरवलं. तीन वाफेचे पंप बसवले आणि १८४९ ते १८५२ या काळात तळं कोरडं झालं. १५७३ मध्ये जिथं आरमारी लढाई झाली होती, तिथं नंतर गहू पिकला आणि मग विमानं उतरू लागली. पंप मात्र थांबवता येत नाहीत. उपसा बंद केला की तळं परत.

ही जबाबदारी राजाच्या कितीतरी आधी पाणी मंडळांनी उचलली. राइनलांटचं मंडळ १२५५ पासून कागदोपत्री आहे. आज अशी २१ मंडळं आहेत. त्यांना स्वतःचा कर, स्वतःची निवडणूक. १९५३च्या ३१ जानेवारीच्या रात्री वादळी भरतीनं नैर्ऋत्येचे बांध फुटले, १,८३६ माणसं गेली. त्यानंतर मोठे अडथळे केंद्र सरकारनं बांधले, पण रोजचं पाणी मंडळांकडेच राहिलं. डचांची सहमतीची सवय यातूनच आली असं सांगायची तिथं फॅशन आहे. इतिहासकार त्यावर भांडतात. मला वाटतं, सवय कुठून आली ते सोडा. बिल सगळ्यांना येतं, ही गोष्ट जास्त महत्त्वाची आहे.

गुरुजी थांबले ते एका वेगळ्याच ओळीवर. या मंडळाच्या निवडणुकीत वैध परवाना असलेल्या परदेशी माणसालाही मत आहे. नगरपालिकेच्या मतासाठी त्याला पाच वर्षं थांबावं लागतं, संसदेचं मत नागरिक होईपर्यंत नाही. पाण्याचं मत लगेच. २०२३च्या मार्चमध्ये जावयाला मतदानाचं पत्र आलं आणि भारतीय पारपत्र खिशात घेऊन तो मतदान करून आला. कशासाठी मतदान? गवताळ दलदलीच्या जमिनीत शेतकऱ्याला पाण्याची पातळी खाली हवी असते, नाहीतर ट्रॅक्टर रुततो. पातळी खाली गेली की ती माती वाळून खचते, आणि जुन्या घरांच्या पायातले लाकडी खांब उघडे पडून कुजतात. पातळी किती धरायची, यावर तिथले पक्ष लढतात. मंडळात शेतकऱ्यांसाठी आणि निसर्गक्षेत्र सांभाळणाऱ्यांसाठी राखीव जागाही आहेत.

आमचं बोलणं साहजिकच दुधनेकडे वळलं. निम्न दुधना धरणाचं पाणी परतूर-मंठ्याच्या शिवारापर्यंत फुगतं. त्याच पाण्यावर परतूर, मंठा, जालना तालुक्यांतल्या १७६ गावांची पिण्याच्या पाण्याची योजना उभी राहिली. शेतीसाठी २००५चा कायदा आहे : शेतकऱ्यांनी पाणी वापर संस्था काढायच्या, पाणी मोजून घ्यायचं, पट्टी स्वतः गोळा करायची. नाशिकच्या वाघाड धरणावर शेतकऱ्यांनी ते करून दाखवलं. बाकी ठिकाणी आवर्तन सुटतं तेव्हा टेलच्या शेतकऱ्याची अवस्था काय असते, ते गुरुजींच्या भावाला विचारावं. २०१२-१३च्या दुष्काळात जालना टँकरवर जगलं, २०२५च्या सप्टेंबरात मराठवाडा अतिवृष्टीनं धुऊन निघाला. दोन्ही वेळा लोकांनी फोन केला तो तहसीलला आणि आमदाराला. पाण्याचा म्हणून कुणी धनी नव्हता.

फेल्डहोव्हनला निघालेली मुलगी एवढा वेळ ऐकत होती. तिनं मोबाइल पुढे केला. तिच्या होऊ घातलेल्या गावाचं मंडळ वेगळं आहे, ‘दे डॉमेल’. तो भाग समुद्राच्या वर, रेताड. तिथलं दुखणं उलटं : शतकभर पाणी लवकर वाहून जावं म्हणून ओढे सरळ केले, आता उन्हाळ्यात पाणी राहत नाही. २०१८ पासून कोरड्या उन्हाळ्यांत ओढ्यातून शेतीसाठी उपसा करायला बंदी घालावी लागते. पाणी अडवा म्हणून मंडळ आता शेतकऱ्यांच्या मागे लागलं आहे.

“हॉलंडात दुष्काळ?” गुरुजींनी चष्मा पुसला. जावयाला फोन लागला. त्यानं दुजोरा दिला आणि वर सांगितलं की २००३च्या ऑगस्टमध्ये आम्स्टेलवेनच्या दक्षिणेला, विलनिसला, पावसाअभावी वाळून हलका झालेला मातीचा बांध सरकला आणि गावात पाणी शिरलं. पाण्याविना बांध फुटला, हे वाक्य गुरुजींनी त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं. त्यानंतर त्यांनी खास मराठवाड्याचा प्रश्न विचारला : पाणी कमी पडलं की मोटार आधी कुणाची बंद करतात?

याला तिथं कायद्यानं ठरलेली यादी आहे. सगळ्यांत आधी बांध आणि वाळली तर कायमची खचणारी जमीन, मग पिण्याचं पाणी आणि वीज, मग थोड्या पाण्यात वाचणारी मोलाची पिकं, शेवटी बाकीचे सगळे. यादी छापलेली असते, टंचाई येण्याआधी. गुरुजींनी ती फाइलच्या मागच्या पानावर लिहून घेतली.

“पुढची निवडणूक कधी?” त्यांनी मुलीला विचारलं.

“मार्च २०२७.”

“तवर तुझा परवाना झालेला असेल. मत दे. आणि एक विचारून ठेव. रात्री कुणी चोरून मोटार टाकली, तर बघायला कोण येतं?”

मुलगी म्हणाली, “तिथं गेल्यावर पहिल्यांदा हेच विचारू का, गुरुजी?”